अर्धा वाटा

शनिवार सकाळ, चहाचा दुसरा कप, आणि गेले दोन आठवडे डोक्यात घोळणारा एक शब्द: 'त्सदाका'.

आमच्या टीममध्ये एक बेने इस्राएली आहे. मूळचा अलिबागकडचा, आडनावाच्या शेवटी आपलंच 'कर'. डबा खाताना दानधर्माचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, "आमच्यात दानाला त्सदाका म्हणतात. हिब्रूत 'त्सेदेक' म्हणजे न्याय, त्यातलाच शब्द. देणं म्हणजे उपकार नाही रे, दुसऱ्याचं त्याला पोचतं करणं." मग त्याच्या पूर्वजांबद्दल बोलला. कोकणात ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली'. शेमा ही प्रार्थना, शनिवारची सुट्टी, सुंता, खाण्याचे काही नियम टिकले, पण हिब्रू ग्रंथ विसरले गेले. १९व्या शतकात कोचीनहून ज्यू शिक्षक आले, तेव्हा पुन्हा शिकणं सुरू झालं. "शिकवणाऱ्याला पोसलं नाही तर हे असं होतं," तो म्हणाला.

घरी येऊन वाचत बसलो. याकोबाच्या बारा मुलांपैकी दोघं, जबुलून आणि इस्साखार. जुन्या भाष्यकारांनी त्यांची गोष्ट अशी लावली: जबुलूनने व्यापार करायचा, इस्साखारने तोरा, म्हणजे धर्मग्रंथ अभ्यासायचा. कमाईही दोघांची आणि अभ्यासाचं पुण्यही दोघांचं. ज्यू माणसाला शिकणं हीच एक उपासना. त्यामुळे धर्मशिक्षणाला पैसे देणारा बाहेर उभा राहून मदत करत नाही, तो त्या उपासनेतला भागीदार असतो. दिवसभर क्लायंटचे फोन घेणारा मी, जबुलूनच की! मला ही कल्पना भलतीच आवडली.

पण पुढचं वाचलं आणि आजोबा आठवले.

आजोबा वार लावून शिकले. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. पूर्व युरोपातल्या येशिवांत, म्हणजे ज्यूंच्या धर्मपाठशाळांत, शिकणाऱ्या मुलांचंही अगदी हेच! यिडिश भाषेत त्याला 'दिवस खाणं' म्हणत. रब्बी खाईम यांनी १८०३ च्या सुमारास व्होलोझिनला (हे आता बेलारूसमध्ये येतं) येशिवा काढली आणि ही प्रथा मोडली. देणग्या दूरदूरच्या गावांतून गोळा व्हायच्या आणि त्यातून मुलांचा खर्च भागायचा. कुणाच्या ओसरीवर ताटाची वाट बघत बसायला नको. १२व्या शतकातल्या मैमोनिदेसने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचा पत्ता नसणं ही वरून दुसरी. सगळ्यात वरची म्हणजे माणसाला भागीदारीत घेऊन किंवा काम देऊन त्याच्या पायावर उभं करणं.

आजोबांनी आयुष्यभर पानात दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. आम्हाला वाटायचं, पथ्य आहे. आजीने ते गेल्यावर सांगितलं. वाराच्या घरी दुसऱ्यांदा मागायची सोय नव्हती, तीच सवय राहिली.

आता माझं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीची कॉलेजची फी मी भरत होतो. दर सेमिस्टरला मार्कशीट घेऊन ये म्हणायचो. ती सोफ्याच्या कडेला बसायची, मी एकेक विषय वाचून "इथे का कमी?" विचारायचो. तिसऱ्या खेपेला तिने सांगितलं, "दादा, आता सोय झाली." मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? परवा मावशींना विचारलं, तर सोय कसली.. ती संध्याकाळी दुकानात काम करून फी भरतेय.

बीकॉम म्हणजे तोरा नव्हे, मान्य. पण मी तिच्या शिक्षणात भागीदार झालोच नव्हतो. मी वाराचं घर झालो होतो.

सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात जाणार आहे, नाव न सांगता फी भरता येते का ते विचारायला. नाही म्हणाले तर तिचीच माफी मागून, मार्कशीट न मागता देईन. ती घेईलच असं नाही.

असो. चहा गार झाला.