आमच्या सहलीची पूर्वतयारी

सहल म्हटली कीं विद्यार्थ्याच्या मनांत प्रथम मोटारींतील खिडकीची जागा येते, मग फराळाचा डबा येतो, आणि जावयाचें ठिकाण सर्वांच्या मागून येतें. आजवर आमच्या वर्गाच्या ज्या सहली निघाल्या त्यांचीं ठिकाणें कोणी आम्हांस विचारून ठरविलीं नव्हतीं. पांचवींत चांदबिबीचा महाल झाला, सहावींत नगरचा भुईकोट किल्ला व रणगाड्यांचें संग्रहालय झालें, पुढें भंडारदरा व रंधा धबधबा, आणि गेल्या वर्षीं दौलताबादचा किल्ला व वेरूळचीं लेणीं. काय पाहावयाचें हें शिक्षक सांगत आणि आम्ही तें वहींत टिपून घेत असूं. यंदाचें वर्ष दहावीचें. शाळेंतील आमची ही शेवटची सहल. म्हणून मुख्याध्यापकांनीं ठिकाण निवडण्याचा व सर्व बेत आंखण्याचा अधिकार आमच्याकडेच सोंपविला. अधिकार मिळाल्याचा आनंद एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवसापासून त्याचें ओझें कळूं लागलें. सहल अजून व्हावयाची आहे. येथें सांगावयाची आहे ती केवळ तिच्या तयारीची हकीकत.

वर्गाचें बहुमत खोपोलीजवळील ‘इमॅजिका’ या क्रीडोद्यानाकडे होतें. हल्लीं ज्यास थीम पार्क म्हणतात तो हा प्रकार. जत्रेंत पाळणे नुसते शेजारीं शेजारीं उभे असतात; एकाचा दुसऱ्याशीं कांहीं संबंध नसतो. थीम पार्कांत मात्र प्रत्येक खेळाभोंवतीं एक कथा रचलेली असते, आणि रस्ते, इमारती, संगीत हीं सर्व त्या कथेस धरून असतात. ही कल्पना आजची नाहीं. डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरीं टिव्होली नांवाचें उद्यान १८४३ सालीं सुरू झालें. वॉल्ट डिस्ने यांचें डिस्नेलँड अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं १९५५ सालीं उघडलें. आपल्याकडे मुंबईजवळ गोराई येथें एस्सेल वर्ल्ड १९८९ सालीं सुरू झालें. इमॅजिका हें रायगड जिल्ह्यांतील खालापूर तालुक्यांत, मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाच्या जवळ, श्री. मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकारानें २०१३ सालीं उघडलें. २०२२ सालीं तें आमच्याच जिल्ह्यांतील संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आलें, हें कळल्यावर संगमनेरकडील मुलांच्या माना वर्गांत चार दिवस ताठ होत्या.

परंतु विरोधी पक्षहि दुबळा नव्हता. त्याचें म्हणणें असें कीं, शिर्डी आपल्या जिल्ह्यांतच आहे. तेथेंहि पाण्याचें क्रीडोद्यान आहे, साईतीर्थ नांवाचें भक्तिविषयक उद्यान आहे. प्रवासाचा वेळ व खर्च निम्म्याहून कमी होईल. खोपोली म्हणजे सुमारें २०० किलोमीटर, आणि तिकिटाचा खर्च निराळाच. वर्गांतील ४८ जणांपैकीं ११ जणांस तो झेपणार नाहीं हें सर्वांस ठाऊक होतें; परंतु तें मोठ्यानें बोलावयास कोणी तयार नव्हतें. शेवटीं एकानें “ज्यांना जमेल त्यांनीं जावें” असें सुचविलें आणि वर्गांत शांतता पसरली.

त्या वेळीं आमची एक वर्गभगिनी उभी राहिली. ती पाथर्डी तालुक्यांतील असून शाळेच्या वसतिगृहांत राहते. तिचे आईवडील दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. आमच्या जिल्ह्याच्या एका अंगास साखरेचे कारखाने आहेत, आणि दुसऱ्या अंगास कोयता घेऊन परमुलखांतील उसाच्या फडांवर जाणारीं माणसें आहेत, हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें; परंतु तें वाचणें आणि शेजारच्या बांकावरून ऐकणें यांत अंतर आहे. वसतिगृहांत येण्यापूर्वीं तीहि आईवडिलांबरोबर फडावर जात असे. ती म्हणाली, “मी तुमच्या सगळ्यांपेक्षां लांब जाऊन आलें आहें. कोल्हापूर पाहिलें, कर्नाटक पाहिलें. पण पोंचल्यावर काम नाहीं असा प्रवास मीं अजून केलेला नाहीं. शिर्डी असो कीं खोपोली, मला दोन्ही सारखींच.”

तिनें कोणाचाहि पक्ष घेतला नव्हता. परंतु त्यानंतर “ज्यांना जमेल त्यांनीं” ही भाषा वर्गांत पुन्हां निघाली नाहीं. जावयाचें तर ४८ जणांनीं, हा आमचा पहिला ठराव झाला. दुसरा ठराव खोपोलीचा. शिर्डीस पुढेंहि केव्हां तरी जातां येईल, परंतु बोरघाट उतरून कोंकणांत पाऊल टाकण्याची संधि आमच्यापैकीं पुष्कळांस पुन्हां लवकर मिळेल असें दिसत नव्हतें.

ठराव करणें सोपें. पैसे उभे करणें कठीण. शाळांच्या मोठ्या गटास तिकिटांत सवलत मिळते असें समजल्यामुळें थोडा धीर आला. उरलेल्या रकमेसाठीं आम्हीं तीन मार्ग धरिले. घरोघरची रद्दी गोळा करून विकली. शाळेच्या आनंदमेळाव्यांत भेळीचें दुकान मांडलें. आणि तिसरा मार्ग पाकिटांचा. वर्गशिक्षिकाबाईंनीं ४८ कोरीं, सारखीं पाकिटें वांटलीं. ज्यास जितकें शक्य असेल तितकें त्यानें पाकिटांत घालावें, पाकीट बंद करावें, वर नांव लिहूं नये, आणि सर्वांनीं एकाच दिवशीं तें पेटींत टाकावें. रिकामें पाकीटहि चालेल, परंतु पेटीजवळ प्रत्येकानें गेलेंच पाहिजे. पहिल्या फेरींत रक्कम पुरी झाली नाहीं. दुसरी फेरी झाली, तेव्हां भेळीच्या पैशासह ती पुरी होऊन मोटारींतील नाश्त्यापुरती शिल्लक उरली. कोणी किती दिले हें आजतागायत कोणास ठाऊक नाहीं, आणि विचारण्याची कोणास इच्छाहि नाहीं.

मग दिवसाची निवड. आमच्या नगरास वर्षांत वीस-बावीस इंच पाऊस पडतो. घाटाखालीं खोपोलीस तो याच्या कित्येक पट कोसळतो. जोराच्या पावसांत व विजेच्या कडकडाटांत उघड्यावरील मोठे खेळ थांबवावे लागतात. तेव्हां पावसाळा बाद झाला. उन्हाळ्यांत परीक्षा, आणि कोंकणांतील उकाडा. राहिला तो हिंवाळा. त्यांतहि शनिवार-रविवार व नाताळची सुट्टी या दिवशीं मुंबई व पुणें दोन्ही बाजूंनीं गर्दी लोटते. म्हणून जानेवारींतील एक मंगळवार निश्चित केला.

यानंतरचें काम गणिताचें होतें. रात्रीं उशिरापर्यंत प्रवास करण्यास मुख्याध्यापकांची परवानगी नाहीं. पहांटे पांच वाजतां निघून, वाटेंत थांबत, दहाच्या सुमारास पोंचावयाचें आणि सायंकाळीं पांच वाजतां परत फिरावयाचें. दारावरील तपासणी वगैरे सोडून आंत सहा तास मिळतात. म्हणजे ३६० मिनिटें. जेवणास ६० मिनिटें व चालण्यास, पाणी पिण्यास, एकत्र जमण्यास ४५ मिनिटें वजा केलीं तर २५५ उरतात. एका खेळाच्या रांगेंत ४० मिनिटें व प्रत्यक्ष खेळांत पांच मिनिटें धरलीं तर पांच खेळ होतात. रांग २० मिनिटांची असेल तर दहा. एवढ्यावरून मंगळवार निवडल्याचा फायदा कळून आला. तरीहि आम्हीं बेत पांच खेळांचाच केला. पांच ठरवून सहा झाले तर आनंद, दहा ठरवून सहा झाले तर हळहळ.

आतां पांच कोणते? तेथें ‘नायट्रो’ नांवाचा प्रचंड रोलर कोस्टर आहे. त्याची उंची सुमारें ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी. विज्ञानाच्या सरांनीं तो थेट फळ्यावरच आणला. गाडीस स्वतःचें इंजिन नसतें; सांखळी तिला पहिल्या शिखरावर ओढून नेते आणि पुढील सारें काम गुरुत्वाकर्षण करतें. घर्षण सोडून दिलें तर ४० मीटर उतरलेल्या गाडीचा वेग सेकंदास २८ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें १०० किलोमीटर येतो. आरंभीं मिळविलेल्या उंचीवरच सर्व प्रवास करावयाचा असल्यामुळें पुढील वळणें व उलट्या घिरट्या पहिल्या शिखराहून ठेंगण्या असतात. उत्तर काढून झाल्यावर वर्गांतील दोन शूर विद्यार्थ्यांनीं आपलें नांव त्या यादींतून गुपचुप काढून घेतलें.

‘राजासॉरस’ नांवाची जलसफरहि तेथें आहे. हा प्राणी कल्पित नाहीं. गुजरातेंत राहियोली येथें सांपडलेल्या हाडांवरून या मांसाहारी डायनासोरास २००३ सालीं ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असें नांव देण्यांत आलें. ज्या लाव्हारसाचा काळा दगड आमच्या नगरच्या घरांना लागला आहे, त्याच्या काळाच्या सुमारास हा प्राणी होऊन गेला. इतिहास-भूगोलाच्या बाजूनें हा खेळ एकमतानें मंजूर झाला. ‘आय फॉर इंडिया’ या खेळांत मोठ्या पडद्यासमोर उंच आसनांवर बसून भारत आकाशांतून पाहतां येतो; उंचीस भिणाऱ्यांनींहि तो पसंत केला.

आठ-आठ जणांचे सहा गट केले. प्रत्येकानें आपल्या अत्यंत आवडीचा एकच खेळ लिहावा, आणि गटानें त्यांतून पांच निवडावे. आपला खेळ वगळला गेला तर रुसावयाचें नाहीं. कित्येक खेळांस उंचीची मर्यादा असते, म्हणून प्रत्येकाची उंची दाराच्या चौकटीशीं आधींच मोजून ठेविली. रांगेच्या टोंकाशीं जाऊन कोणास परत फिरावें लागूं नये. पिशव्या सांभाळण्याचें काम पाळीपाळीनें ठेविलें. भित्रा तो कायमचा पिशवीवाला, हा जगाचा न्याय आमच्या गटांत चालणार नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाच्या सल्ल्याविषयीं. त्या वर्गभगिनीच्या वडिलांनीं फोनवर संमति दिली. परंतु शाळेस कागद हवा होता. म्हणून एका रविवारीं आमच्यापैकीं तिघे बाईंबरोबर तिच्या गांवीं तिच्या आजीकडे गेलों. आजींनीं सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, “तिथं देव कंचा हाय?” देव नाहीं, मोठमोठे पाळणे आहेत, असें आम्हीं सांगितलें. “मंग जत्राच म्हना की,” असें म्हणून त्यांनीं मढीच्या कानिफनाथांच्या व मोहट्याच्या देवीच्या यात्रांचा आयुष्यभराचा अनुभव आमच्यापुढें ठेविला. “पाळन्यात बसायचं तर आदी बसा, मंग खा. पैका एका जागी ठिवू नगा. आन् चुकामूक झाली तर हुडकीत फिरू नगा, लेकरांनो. जिथं ध्यानात आलं तिथंच उभं ऱ्हावा. फिरनाऱ्याला फिरनारा घावत न्हाई.” इतकें सांगून त्यांनीं कागदावर आंगठा उमटविला आणि आम्हांस गूळ-शेंगदाणे दिले.

परत येतांना आम्हीं आमचा बेत काढून पाहिला. एवढीं गणितें मांडलीं होतीं, परंतु हरवलेल्यानें काय करावें हें कोठेंहि लिहिलें नव्हतें. आजींचीं तीन वाक्यें आतां प्रत्येक गटाच्या कागदावर अगदीं वर आहेत. जेवणाची वेळ साडेबारावरून दीड केली आहे आणि मोठे खेळ तिच्या अलीकडे घेतले आहेत. बाहेरचे खाद्यपदार्थ आंत नेतां येत नाहींत. म्हणून भाकरी व शेंगदाण्याची चटणी येतां-जातां मोटारींत खावयाची आणि दुपारचें तेवढें आंत घ्यावयाचें.

या दोन महिन्यांत एक गोष्ट मात्र झाली. पांच वर्षें एका वर्गांत बसून आम्ही एकमेकांस हजेरीच्या क्रमांकानें व गुणांनीं ओळखत होतों. आतां कोणास उंचीची भीति वाटते, कोणाचे पाय लवकर दुखतात, कोणाच्या घरीं मार्चपर्यंत दिवा लागत नाहीं, हें आम्हांस ठाऊक झालें आहे. सहलीचा बेत म्हणजे ठिकाणांची यादी असें आम्ही समजत होतों. तो बरोबर येणाऱ्या माणसांची माहिती आहे असें आतां दिसतें. पांच खेळ होवोत कीं तीनच होवोत, मोटारींत बसणारे ४८ असतील, आणि पोंचल्यावर कोणासहि काम नसेल.

प्रत्यक्ष सहल कशी झाली हें पुढील वर्षाच्या अंकांत लिहावयास आम्ही या शाळेंत असणार नाहीं. नववीच्या मित्रांनीं तें आमच्याकडून ऐकून घ्यावें आणि लिहावें. बेताचा कागद वर्गाच्या कपाटांत ठेवून जात आहों; त्यांच्या सहलीच्या वेळीं त्यांतील ठिकाण बदललें तरी चालेल, परंतु पहिला ठराव बदलूं नये, एवढी विनंति.