पॅड बदलण्याआधी

चि. अभय,

‘जुनी फ्लूट घेतलीय, रविवारी सगळे पॅड बदलून टाकतो, तोवर बोटं जरा जोरात दाबून भागतंय’ हे तुझं वाक्य वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. दिवसभर फट मोजायचं फीलर गेज हातात असलेल्या माणसाने असं लिहावं? अरे, १८४७ साली फ्लूट बनवणाऱ्या ब्योमने तिची भोकं बोटाने झाकता येणार नाहीत एवढी मोठी केली, तेव्हापासून सगळा सूर भोकांवरच्या झाकणांच्या हवाली आहे. झाकणातला पॅड म्हणजे आत पुठ्ठा, वर फेल्ट, त्यावर गुराच्या आतड्याचा पापुद्रा. नाक मुरडू नकोस, तबल्याला काय लावतात? असा मऊ पॅड एका बाजूने जरी अधांतरी राहिला तरी खालचे सूर घोगरे होतात. जोराने दाबलंस की ती फट तेवढ्यापुरती मिटते, पण टेकलेल्या बाजूची खाच आणखी खोल जाते आणि तानेत बोट अडखळतं.

तू म्हणशील, पेटीवाला चामडं बदलतो आणि पेटी वाजायला लागते. पेटीत प्रत्येक पट्टीला स्वतःचं झाकण, स्वतःची स्प्रिंग. शेजारणीशी देणंघेणं नाही. इथे उजव्या तर्जनीची एक की दाबली की आणखी दोन झाकणं मिटायला हवीत. नवा पॅड केसभर जाड निघाला तर तो आधी टेकतो आणि जोडीची झाकणं उघडी राहतात. मग तू त्या निर्दोष झाकणांचे पॅड बदलणार! म्हणून माझा हट्ट: आधी मोजायचं. सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली सरकव, की अलगद मिट, पट्टी ओढून बघ. चारही बाजूंनी. सैल सुटते तिथे फट. फाटलेले पॅड बदलायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण धड असलेल्याच्या पाठीमागे, फटीच्या बाजूला, कागदाची चकती पुरते. प्रत्येक झाकण स्वतंत्र बसल्यावरच जोडीचे स्क्रू फिरवायचे, तेही पाव आट्याहून कमी. आणि झाकणांच्या दांडीतच प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर पॅडला बोल लावू नकोस. ते काम कारागिराचं.

तुझ्याकडे संत तुकाराम नगरात पाऊस लागला असेल. दमट हवेत फेल्ट फुगतं, आज नीट बसवलेलं दसऱ्याला हलेल. रविवारी नकोच, घाई करू नकोस. उघडलीसच तर सुईसारख्या स्प्रिंगा सांभाळ, आणि ट्रिलच्या कींचे पॅड चिकटवायला लायटर मुळीच जवळ नेऊ नकोस. नेला नाहीस ना?

तुझा,
काका