हातचा विसरतो तेव्हा

शाळेत गणित शिकवताना पालकांच्या तोंडून जे प्रश्न मी ऐकत आले, ते बहुतेक मार्कांचे असतात: किती पडले, कुठे गेले, क्लास लावू का? गणिताच्या तासाला मुलाच्या मनात काय चाललेलं असतं, हे विचारणं हळवेपणाचं समजलं जातं. शिस्त, सराव आणि पाठांतर झालं की मन आपोआप ताळ्यावर येईल, असा आपला भरवसा. वर्गात मला जे रोज दिसतं ते याच्या उलट आहे आणि संशोधनही त्याला दुजोरा देतं. भीती थेट शिकण्याच्या कामातच शिरते आणि तिथली जागा अडवते. म्हणून मुलाची भावना हा अभ्यासाचाच प्रश्न आहे, असं मी ठामपणे म्हणते.

४७ गुणिले ८ हा साधा गुणाकार घ्या. आठ साते छप्पन्न. सहा मांडायचे, हातचे पाच. ते पाच डोक्यात धरून आठ चोक बत्तीस म्हणायचं, त्यात पाच मिळवायचे, सदतीस मांडायचे. उत्तर ३७६. पाढा येणाऱ्या मुलाचंही उत्तर ३२६ येतं, कारण मधल्या क्षणी हातचे पाच निसटतात. आपण त्याला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होतो. पण ‘चुकलं तर सगळे हसतील’ हा विचारही नेमक्या त्याच जागेत ठाण मांडून असतो, जिथे हातचा धरायचा असतो. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये हेच प्रयोगातून दाखवलं. गणिताची धास्ती असलेल्यांची कार्यस्मृती, म्हणजे काम चालू असताना माहिती डोक्यात धरून ठेवणारी स्मृती, गणित सोडवताना अपुरी पडते आणि हातच्याच्या बेरजांत ती विशेष अडखळते. अशा मुलाला ‘लक्ष दे’ म्हणून ओरडलं, तर उरलेली जागाही आपणच भरून टाकतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: थोडा धाक हवाच, जपान-कोरियातली मुलं दडपणाखालीच पुढे जातात ना? आक्षेपात तथ्य आहे. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत या दोन्ही देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांनी गणितात उत्तम गुण मिळवले आणि गणिताची चिंताही मोठ्या प्रमाणात नोंदवली. पण दोन देशांची तुलना करून एका मुलाचं निदान होत नाही. त्याच चाचणीत देशादेशाच्या आत डोकावलं, तर जास्त धास्तावलेल्या मुलांचे गुण कमी धास्तावलेल्यांपेक्षा सर्वसाधारणपणे खालीच आढळले. तिथल्या यशामागे शिकवण्याची पद्धत, घरची अपेक्षा, सरावाचे तास अशी बरीच कारणं आहेत. त्याचं श्रेय धाकाला देणं घाईचं ठरेल. परीक्षेआधीची हुरहूर मुलाला अभ्यासाला बसवते, हे मला मान्य आहे. बसल्यावर डोकं बधिर करणारी भीती मात्र वेगळी, आणि छडीतून येते ती हीच. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली, ती योग्यच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मूल कच्चं आहे म्हणून घाबरतं, घाबरतं म्हणून कच्चं राहत नाही. खरं तर दोन्ही घडतं. राइनहार्ड पेक्रुन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या मुलांचा पाचवीपासून नववीपर्यंत मागोवा घेतला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भावनांचा परिणाम गुणांवर आणि गुणांचा परिणाम भावनांवर, असं चक्र दिसलं. म्हणूनच नुसत्या कोरड्या धीरावर माझा विश्वास नाही. ‘तुला जमेल’ असं म्हणून अपूर्णांक येत नाहीत. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांचा समावेश असलेला, बुद्धी वाढवता येते हे तासाभरापेक्षाही कमी वेळात समजावण्याचा मोठा प्रयोग झाला. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मागे पडलेल्या मुलांचे गुण सुधारले, पण थोडेच. दृष्टिकोन बदलण्याला महत्त्व आहे, तरी तो बदल टिकायला मुलाच्या पदरात खरं यश पडावं लागतं.

मुलांच्या धास्तीचा मुद्दा आपल्याकडेही पुढे आला. २०१९ मध्येच बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा संख्यावाचनावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे मुलं बिचकतात, हा त्यामागचा विचार होता. मुलाची धास्ती पाठ्यपुस्तक रचताना विचारात घेतली गेली, याचं मी स्वागत करते. पण संख्या कशीही वाचा, फळ्यापाशी चुकलेल्या मुलाकडे शिक्षक कसं पाहतात, यावर बाकीचं ठरतं. वहीत नुसती लाल फुली मारण्यापेक्षा पायरी कुठे तुटली ते दाखवावं, बरोबर आलेल्या पायऱ्यांचे गुण द्यावेत, पुढचं उदाहरण त्याच्या आवाक्याच्या जरासंच वर ठेवावं. पट मोठा आणि पोर्शन संपवायची घाई असताना हे सोपं नाही, हे मी जाणते. पण त्याच घाईत सुटलेली मुलं पुढच्या इयत्तेत पुन्हा तिथेच अडकतात, आणि तेव्हा लागणारा वेळ कितीतरी जास्त असतो. भीती कमी करणं हे शिकवण्याव्यतिरिक्तचं काम नव्हे. गणित शिकवण्याची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.