वाघाची शिकार

वृत्तपत्र हाती आले की आधी क्रीडापृष्ठ उघडावयाचे, ही माझी जुनी खोड. गोल्फ मी कधी खेळलो नाही. तथापि त्याच्या वार्ता मी आवडीने वाचतो. खेळाडू फटका मारण्यास सिद्ध झाला की सहस्रावधी प्रेक्षक श्वास रोखून स्तब्ध उभे राहतात, ही त्या खेळातील रीत मला मोठी शालीन वाटते. आणि याच खेळातील अग्रणी पुरुषाभोवती वृत्तपत्रांनी केवढा कोलाहल माजविला!

अमेरिकेचा टायगर वुड्स १९७८ साली, अवघा दोन वर्षांचा असताना, दूरचित्रवाणीवर चेंडू टोलविताना झळकला. १९९७ साली २१ व्या वर्षी त्याने मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांच्या आघाडीने जिंकली; २००८ साली डाव्या पायाचे हाड चिरलेले असता ९१ होल खेळून यू. एस. ओपन जिंकली. वृत्तपत्रांनी त्याला देव्हाऱ्यात बसविले. पुढे २७ नोव्हेंबर २००९ रोजी पहाटे फ्लोरिडातील घरासमोर त्याच्या मोटारीस अपघात झाला, आणि त्यापाठोपाठ त्याचे विवाहबाह्य संबंध चव्हाट्यावर आले.

त्याचे वर्तन निंद्य होते, यात मला संशय नाही. परंतु ‘न्यू यॉर्क पोस्ट’ या पत्राने ओळीने २० दिवस त्याला पहिल्या पानावर ठेवले! २००१ साली त्याच नगरात उत्तुंग मनोरे कोसळून हजारो माणसे प्राणास मुकली, तेव्हा त्या घटनेस मिळाले होते १९ दिवस. बातमीचे मोल मापण्याचा हा तराजू कोणत्या बाजारातला? वुड्सच्या घरी तेव्हा दोन तान्ही बालके होती. त्यांना अद्याप अक्षरओळख नव्हती, एवढेच त्यांचे सुदैव.

१९ फेब्रुवारी २०१० रोजी त्याने दूरचित्रवाणीवरून क्षमायाचना केली. मात्र प्रश्न विचारण्यास मनाई होती. गोल्फ-वार्ताहरांच्या संघटनेने त्या प्रसंगावर बहिष्कार घातला, आणि तो मला उचितच वाटतो. उघडपणे प्रश्न विचारणे हा वार्ताहराचा धर्म. दाराच्या फटीस डोळा लावणे नव्हे.

२०१७ साली मोटारीत असताना त्याला पोलिसांनी पकडले. तपासणीत मद्याचा अंशही आढळला नाही. तो वैद्यांनी दिलेल्या औषधांचा अंमल होता, असे त्याने सांगितले. तथापि कैदेतील त्याचे ते म्लान छायाचित्र साऱ्या जगभर फिरले. औषधांचा खुलासा किती जणांनी वाचला असेल?

१४ एप्रिल २०१९ रोजी ऑगस्टा येथे तो पुन्हा मास्टर्स जिंकला आणि तीच वृत्तपत्रे त्याच्या स्तुतीने भरून गेली. अखेरच्या होलनंतर त्याने आपल्या मुलाला घट्ट कवटाळले. त्या २० दिवसांत हा मुलगा साडेनऊ महिन्यांचा होता. आता तो दहा वर्षांचा झाला होता, आणि त्याला वाचता येत होते.