आमच्या प्रतिनिधीकडून

चिंचणीच्या ज्या घरात आम्ही चुलत-आते भावंडं वाढलो, तिथे पेपर सकाळी येत नसे. मुंबईहून गाडीने गठ्ठे बोईसरला उतरत आणि तिथून एस.टी.ने गावात. जेवणं आटोपून बायका ओटीवर टेकल्या की 'महाराष्ट्र टाइम्स' हाती पडे. तोवर आकाशवाणीवर दिल्लीहून दत्ता कुलकर्णींनी ठळक बातम्या सांगून टाकलेल्या असत. आजोबा तरीही अग्रलेखापासून सुरुवात करत. गोविंद तळवलकरांशी त्यांचं अर्ध्याहून अधिक वेळा पटत नसे, पण त्यांना वाचल्याशिवाय दुपारची झोपही लागत नसे. तळवलकर 1968पासून 1996पर्यंत संपादकाच्या खुर्चीवर होते. आमच्यातल्या धाकट्यांचं सगळं शिक्षण तेवढ्यात उरकलं.

आम्हा बाकीच्यांचा जीव मात्र बातम्यांत असे, कारण दिनू रणदिवे चिंचणीचे. 1925 साली त्यांचा जन्म इथला. 1956मध्ये, अत्र्यांचा 'मराठा' अजून निघायचा होता, तेव्हा त्यांनी 'संयुक्त महाराष्ट्र पत्रिका' चालवली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगवास भोगला, गोवामुक्तीच्या लढ्यातही ते होते. 1962ला 'महाराष्ट्र टाइम्स' निघाल्यावर ते तिथे बातमीदार झाले. त्या काळी बातमीवर नाव क्वचितच छापत, वर 'आमच्या प्रतिनिधीकडून' एवढंच असे. मग ओटीवर ओळखण्याचा खेळ रंगे. वाक्य आखूड, विशेषण एकही नाही आणि माणूस गिरणीतला किंवा झोपडपट्टीतला, की आत्या बोट ठेवून म्हणे, "ही दिनूची." काका म्हणत, "कशावरून?" आत्या म्हणे, "मंत्र्याचं नाव शेवटी आलंय."

हा खेळ खेळता खेळता आम्ही बातमी वाचायला शिकलो, असं मला मनापासून वाटतं. कोण बोललंय, कोणाला विचारलंच नाही, हे पाहायची सवय शाळेने लावली नाही, आत्याने लावली.

गावातला वार्ताहर वेगळा. तो बहुधा शिक्षक किंवा दुकानदार, पोटापाण्याचं सांभाळून लिहिणारा. मजकूर पाकिटात घालून बोईसरला मुंबईच्या गाडीत कोणा ओळखीच्याकडे द्यायचा. पुरात वाहून गेलेला साकव, बुडालेली होडी, बंद पडलेली शाळा, हे सगळं त्याच्यामुळे 'ठाणे जिल्हा' या मथळ्याखाली चार ओळींत यायचं. त्या चार ओळींसाठी त्याला किती मिळत असेल, याची कल्पनाही करवत नाही. 1969मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे बोईसरला कारखाने उभे राहिले. दिवसरात्र शेजारी असलेल्या त्या केंद्राबद्दल आम्हाला जे कळे ते मुंबईच्या पेपरातून. "एक दिनू इथेही राहायला हवा होता," असं आजोबा म्हणत, तेव्हा त्यांच्या आवाजात तक्रार नसे, गरज असे.

पुढे टीव्ही आला. उंच बांबूवर अँटेना, एक जण गच्चीवर, बाकीचे खालून ओरडतायत, "आलं, आलं, हलवू नकोस!" आणि सातच्या बातम्यांना प्रदीप भिडे. त्यांचे उच्चार ऐकून आमच्या घरात 'ण' आणि 'न' सुधारले. हे मी कौतुकाने सांगतोय. भिडे 2022मध्ये गेले, तेव्हा घरातल्या प्रत्येकाला जवळचं माणूस गेल्यासारखं वाटलं.

रणदिवे त्याआधी, 16 जून 2020ला दादरला गेले. टाळेबंदी होती, कोणी कोणाकडे जाऊ शकत नव्हतं. आम्ही भावंडं वसई, पालघर, पुणे अशी विखुरलेली, रात्री फोनवर एकत्र आलो. पेपरात त्यांचं नाव ठळक अक्षरांत छापलं होतं, फोटोसकट. आत्या आता थकलेली, तरी म्हणाली, "नाव आज छापलं होय? मी तर गिरणी संपाच्या वेळीच सांगितलं होतं." थोरला दादा म्हणाला, ती बातमी दुसऱ्याच कोणाची होती. मग दोघांचं जे जुंपलं, ते फोनची बॅटरी संपेपर्यंत चाललं.