सातारा पडल्यानंतर

इंग्लंडमधील 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या कंपनीने तयार केलेला 'एम्पायर : टोटल वॉर' हा संगणकावरचा युद्धखेळ २००९ साली बाजारात आला. अठरावे शतक हा त्याचा काळ. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान ही त्याची तीन क्षेत्रे. खेळणारा एखादे राज्य निवडतो आणि इ. स. १७०० पासून सहा-सहा महिन्यांची एकेक चाल करीत १७९९ पर्यंत जाऊ शकतो. वाटेत तो कर बसवतो, रस्ते बांधतो, तह करतो. लढाई उभी राहिली की नकाशावरून थेट रणांगणात उतरतो. निवडायच्या राज्यांत ब्रिटन आणि फ्रान्सच्या पंक्तीला मराठ्यांचे राज्यही बसवलेले आहे. पाठ्यपुस्तकातील पानिपतच्या धड्यापाशी आल्यावर खट्टू होणाऱ्या मुलाला या एका गोष्टीची भूल पडली, तर त्यात नवल नाही. इतिहासाने हिरावलेले सारे इथे रात्रभर जागून परत मिळवता येते.

खेळाचे जे दोष नेहमी सांगितले जातात ते निराळे आहेत, आणि ते खरेही आहेत. सबंध फ्रान्स हा या नकाशावर एकच प्रांत आहे. पॅरिस घेतले की फ्रान्स संपला. पहिल्या आवृत्तीत संगणकाच्या ताब्यातील राज्यांना समुद्र ओलांडून सैन्य उतरवताच येत नसे. आरमारांच्या शतकावरचा खेळ आणि त्यात इंग्लंडला परचक्राचे भय नाही, असा तो प्रकार होता. ही उणीव पुढे दुरुस्त झाली. मराठ्यांच्या राज्याला १७०० सालीच 'कॉन्फेडरसी' म्हटले आहे, हीही एक गंमत. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांचा तो संघ आकाराला यायला अजून कित्येक वर्षे होती. पण नावाची चूक ही लहान चूक. मोठी चूक खेळाच्या नियमातच आहे.

नियम असा : प्रत्येक प्रांताला एक राजधानी असते आणि राजधानी ज्याच्या हाती, प्रांत त्याचा. सगळे प्रांत गेले की राज्य नाहीसे होते. मराठ्यांची राजधानी सातारा. आता योगायोग पाहावा. खेळ ज्या वर्षी सुरू होतो, त्याच वर्षी हा नियम खुद्द साताऱ्याच्या तटाखाली खोटा ठरत होता. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने स्वतः येऊन गडाला वेढा घातला. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम सिंहगडावर वारला. एप्रिलमध्ये गड मोगलांच्या स्वाधीन झाला. शाहजादा आझमच्या नावावरून अजिंक्यताऱ्याचा 'आझमतारा' झाला. छत्रपती गेला, राजधानी गेली. खेळाच्या हिशेबाने महाराष्ट्र मोगलांचा झाला.

प्रत्यक्षात पातशहाला पुढची पाच-सहा वर्षे एकेक डोंगर चढावा लागला. परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. यांतले बरेच गड किल्लेदारांशी बोलणी करून, त्यांना पैसे देऊन मिळाले. तोरण्यासारखा एखादा लढून. १७०२ च्या पावसाळ्यात विशाळगडाहून परतताना मोगल सैन्याची जी दैना झाली, ती त्या काळच्या फारसी लेखनातही लपलेली नाही. काही कोसांचे अंतर तोडायला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांना पूर, जनावरे चिखलात रुतलेली, तंबू वाहून गेलेले. खेळात सहा महिन्यांची एक चाल असते. असा पावसाळा तिच्यात विरघळून जातो. सह्याद्रीत लढलेल्या युद्धातून पावसाळा वगळला, तर उरते ते कुठल्याही मुलखातले युद्ध.

इतके करून गड हाती राहिले नाहीत. सैन्य पुढे सरकले की मागचा गड निसटे. ताराबाईच्या कारकिर्दीत मराठ्यांच्या फौजा गड सोडून थेट माळव्यात आणि गुजरातेत उतरू लागल्या होत्या. पातशहा १७०७ साली अहमदनगरला मेला आणि १७०८ च्या जानेवारीत शाहूचा राज्याभिषेक झाला, तो साताऱ्यालाच.

हे कसे घडले, याचे उत्तर खेळाच्या कोणत्याही रकान्यात सापडत नाही. १६८९ साली संभाजीचा वध झाला, रायगड पडला, राजाराम दूर तामिळ मुलखात जिंजीला गेला. बुद्धिबळात राजा कोंडला की डाव संपतो. इथे राजा जिंजीत वर्षानुवर्षे कोंडलेला असताना डाव चालूच होता. रामचंद्रपंत अमात्य महाराष्ट्रात कारभार पाहत होते. संताजी आणि धनाजी मोगलांच्या वाटा तोडत होते. सरदारांना सनदा दिल्या जात होत्या त्या मोगलांच्या ताब्यातील मुलखाच्या. मुलूख जिंकण्याआधीच तो वाटून टाकलेला! त्या वतनांच्या लोभाने पुढे राज्याचे नुकसान किती झाले, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण न जिंकलेल्या जमिनीवर हक्क सांगणारा कागद हे त्या युद्धातले मोठे हत्यार होते आणि खेळाच्या शस्त्रागारात ते नाही. चौथाईचेही तेच. १७१९ साली दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची सनद मिळाली. म्हणजे मुलूख एकाचा आणि महसुलात कायमचा वाटा दुसऱ्याचा. ज्या नकाशात प्रत्येक प्रांताला एकच रंग असतो, त्यात हा व्यवहार कुठे दाखवणार?

खेळाची बाजूही सांगितली पाहिजे. जिंकलेल्या प्रांतात असंतोष धुमसतो, कधी बंडही उठते. पण चार पलटणी ठेवल्या, थोडा काळ कर माफ केला की ते शमते. आणि उठलेले बंडखोर एखाद्या शिस्तीच्या फौजेसारखे उघड्यावर येऊन उभे राहतात. औरंगजेबाला असे बंडखोर मिळाले असते तर!

म्हणूनच मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्याची स्थिती चमत्कारिक होते. त्याला जिंकायचे असेल तर वेढे घालावे लागतात, राजधान्या घ्याव्या लागतात, तोफखाना वाढवावा लागतो, जिंकलेल्या शहरात शिबंदी ठेवून कर वसूल करावा लागतो. निशाण मराठ्यांचे, रीत पातशहाची. पडद्यावर मोगलांचा पाडाव होत असतो आणि खेळणारा नकळत पातशहाच्या त्या शेवटच्या मोहिमेचा आराखडा बरोबर ठरवत असतो. फसला तो आराखडा नव्हे, त्याला चाली कमी पडल्या, असाच त्याचा अर्थ निघतो.

युद्धाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे पोट. खेळात फौजेचा खर्च खजिन्यातून वळता होतो. पैसा आहे तोवर शिपाई जेवलेलाच असतो. १७२८ साली पालखेडला बाजीरावाने निजामाला नमवले ते मोठी लढाई न देता. आधी खानदेश, गुजरात असे दौडत त्याला मागे फरफटवले. त्याच्या जड तोफा मागे राहिल्या. मग दाणा आणि पाणी तोडले. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. हा विजय या खेळात मिळवता येत नाही, कारण तिथे तहान नाही.

आणि पानिपत. ते खेळात जिंकता येते, सहज जिंकता येते. पण १७६० च्या नोव्हेंबरपासून दोन्ही छावण्या समोरासमोर होत्या, रसद बंद होत गेली, अंतर्वेदीतून धान्य-पैसा पाठवण्याची खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. छावणीत लढणाऱ्यांबरोबर बायका, नोकरचाकर, बुणगे आणि तीर्थयात्रेसाठी आलेली माणसे होती, आणि खाणारी तोंडे ती सगळीच. १४ जानेवारी १७६१ ला सैन्य बाहेर पडले ते उपाशी. याच कंपनीने २०१० साली नेपोलियनवर काढलेल्या खेळात थंडीने आणि वाळवंटातील उन्हाने सैन्य झिजण्याची सोय केली. त्या नकाशात हिंदुस्थान नाही. इथल्या नकाशावर भाऊसाहेबांची फौज पोटभर जेवून, एकाही यात्रेकरूविना, ताज्या घोड्यांवर उभी असते. खेळणारा उजवी बगल पुढे काढतो, गोलंदाजांना इशारा देतो, आणि अर्ध्या तासात अब्दाली पळत सुटतो.