बुचाड घातलेली बाजरी

हिवाळ्याची चाहूलही लागलेली नसताना, शरदाच्या आरंभीच येणारे हिमवादळ थंड देशांत भर थंडीतल्या बर्फाहून अधिक घात करते. ऑक्टोबर 2013 मध्ये अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात अशा वादळाने हजारो गुरे दगावली, कारण थंडीची दाट लव त्यांच्या अंगावर अजून आलेली नव्हती. माणदेशातल्या म्हसवडला बर्फ पडत नाही. पण अवेळी आलेल्या आभाळाचा हा हिशेब माणदेशाला, म्हणजे माणगंगेच्या खोऱ्यातील सातारा, सांगली आणि सोलापूरच्या कोरडवाहू पट्ट्याला, चांगला ठाऊक आहे. वर्षाकाठी 500 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या या मुलखात खळी, गोठे, मेंढरांची वाघूर, म्हणजे जाळीचा वाडा, सारे काही पाणी नसणार याच बेताने मांडलेले असते.

13 ऑक्टोबर 2020 रोजी बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा पट्टा काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आत शिरला आणि तेलंगण, उत्तर कर्नाटक असा सरकत दुसऱ्या दिवशी दक्षिण महाराष्ट्रावर आला. अशा परतीच्या पावसात ओढे रस्त्यावरून वाहतात, वीज जाते, फोन बंद पडतात, आणि त्या वर्षी तर कोरोनामुळे शाळाही फोनवरच भरत होती. चूल पेटत नाही, कारण सरपण उघड्यावर असते. परंतु या गैरसोयी चार दिवसांत विसरल्या जातात. विसरली जात नाही ती कापलेली बाजरी.

हस्त आणि चित्रा नक्षत्रांच्या सुमारास बाजरी कापून रानात पडलेली असते. आभाळ भरून आले की शेतकरी ती गोळा करून तिचे बुचाड घालतो, म्हणजे पेंढ्या कणसांसह एकावर एक रचून वर ताडपत्री किंवा मेनकागद टाकतो. पाऊस तासाभराचा असेल तर एवढे पुरते. दोन दिवस टिकला तर खालून ओल चढते, रास आतून तापते, दाणा काळा पडून कणसालाच मोड फुटतात. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत काढणीनंतरच्या नुकसानीलाही संरक्षण होते, मात्र ते कापून रानात पसरलेल्या पिकाला, 14 दिवसांपर्यंत. मळणीपूर्वी एका जागी रचून ठेवलेले पीक त्या सूचनांनी स्पष्टपणे वगळले होते. अर्थ असा, की ज्याने ढग पाहूनही हात हलवला नाही त्याचा दावा उभा राहत होता, आणि जो बायकापोरांसह धावत सुटून पीक गोळा करी तो त्या धावण्यानेच नियमाबाहेर जात होता. रचलेल्या राशीची नासाडी टाळता येण्याजोगी असते, असे नियम करणाऱ्यांचे म्हणणे असावे, आणि खोट्या दाव्यांची भीतीही अगदीच निराधार नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या शहाणपणाला दंड करणारा हा नियम कोणा बुचाड न पाहिलेल्या माणसाने लिहिला असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. त्यात नुकसानीची खबर ठरावीक तासांच्या आत देण्याची अट होती, आणि खबर द्यायची त्याच फोनवरून, ज्याला वीज नाही. निदान पेरणीच्या वेळीच विम्याच्या पावतीतील बारीक अक्षरे कोणाकडून तरी वाचून घ्यावीत आणि पाऊस उघडताच तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत, एवढे तरी शेतकऱ्याने करावे.

सरकारची मदत या विम्याहून वेगळी असते. 2020 च्या त्या ऑक्टोबरात राज्य शासनाने पिकांसाठी हेक्टरी 10,000 आणि फळबागांसाठी हेक्टरी 25,000 रुपये, दोन्ही दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले. डाळिंबाच्या एका बहराला औषधांवर होणारा खर्च ज्याला माहीत आहे, त्याला यावर अधिक सांगण्याची गरज नाही.

एवढे सगळे झाल्यावर या पावसाला निव्वळ आपत्ती म्हणावे, तर माणदेशात तसे कोणी मनापासून म्हणत नाही. परतीचा पाऊस झाला नाही तर रब्बीची ज्वारी नाही, ज्वारी नाही तर कडबा नाही, आणि कडबा नसला की चारा छावणीच्या वाटेला लागायचे. ब्रिटिश काळात दुष्काळी कामातून बांधलेला राजेवाडीचा तलाव भरतो तोही याच पावसाच्या भरवशावर. म्हणून काळ्या पडलेल्या कणसांवरून आभाळाला शिव्या घालणारा माणूस वाफशाची, म्हणजे चिखल सरून पेरणीजोगी ओल जमिनीत उरण्याची, वाट पाहत रोज बांधावर जाऊन मूठभर माती दाबून बघतो; आणि वाफसा आला की मोड आलेल्या बाजरीचे बुचाड बाजूला सारून त्याच रानात पेरणीची पाभर धरतो.